तक्रार: 'सर्व प्रकारच्या प्लास्टिकवर चालते' असे छापलेल्या किटमुळे झालेले नुकसान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

ॲक्शन फिगर (सांधे हलणारी प्लास्टिकची बाहुली) हवी तशी रंगवण्या-घडवण्याचे आपले कस्टमायझिंग किट मी नुकतेच विकत घेतले. त्यात प्रायमर स्प्रे (रंगाआधी द्यायचा थर), ॲक्रिलिक रंग, पॉलिमर क्ले (भाजल्यावर कडक होणारी माती) आणि माहितीपत्रक आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत 'सर्व प्रकारच्या प्लास्टिकवर चालते' असे छापले आहे. ते खरे नाही आणि त्यापायी माझी एक फिगर वाया गेली. फोनवर तक्रार केली तेव्हा 'फिगर नीट धुतली नसेल' एवढे सांगून बोळवण झाली, म्हणून आता लेखी कळवत आहे.

फिगर सहा इंची, १:१२ मापाची. सगळे भाग सुटे करून साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, पूर्ण वाळू दिले आणि पत्रकात दिलेल्या अंतरावरूनच प्रायमरचे पातळ हात दिले. छाती आणि मांड्या बघता बघता खडखडीत वाळल्या. चेहरा, केस आणि पाठीवरचा झगा मात्र अजून चिकट आहेत. झग्याला बोट लावले की ठसा उमटतो; केसांच्या खाचांत धूळ बसली आहे, ती ब्रशनेही निघत नाही. झग्याची किनार मी इपॉक्सी पुट्टीने (दोन भाग मिसळले की आपोआप कडक होणाऱ्या लगद्याने) घडवली होती. त्या किनारीवर प्रायमर छान वाळला, तिला लागूनचा झगा तसाच चिकट. धुण्यात कसर राहिली असती तर ती नेमकी तिथेच, रेघ मारल्यासारखी थांबली असती का?

फरक प्लास्टिकचा आहे. छाती-मांड्या कडक एबीएसच्या. चेहरा, केस आणि झगा मऊ पीव्हीसीचे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. त्याच्यामुळे सॉल्व्हंट (रंग विरघळवणारे द्रव) असलेले बरेच स्प्रे अशा पृष्ठभागावर धड वाळतच नाहीत. हा छंद असणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक असते. रंग विकणाऱ्या कंपनीला ते माहीत नसावे हे पटत नाही. आता हा थर काढायला थिनर वापरावा, तर त्याने खालचा चेहराही खराब होणार.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पत्रकात क्ले थेट फिगरवर लावून १३० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये भाजायला सांगितले आहे. अहो, पीव्हीसीचा हात सांध्यातून काढायचा तर आम्ही तो गरम पाण्यात बुडवतो, तेवढ्यानेच तो मऊ पडतो. तो १३० अंशांत घातला तर काय उरेल? मी ती सूचना पाळली नाही, पण नवशिका, विशेषतः एखादे मूल, पाळेल. क्ले वेगळी भाजून मग चिकटवावी, किंवा भाजावी न लागणारी दोन भागांची पुट्टी वापरावी, असे एक वाक्य छापायला काय हरकत होती?

किटची पूर्ण किंमत आणि खराब झालेल्या फिगरची भरपाई मला मिळावी. खोक्यावरचा दावा काढून प्रायमर कोणत्या प्लास्टिकवर चालत नाही ते स्पष्ट छापावे, आणि ओव्हनची सूचना दुरुस्त होईपर्यंत हे किट विकणे थांबवावे. उत्तर लेखी हवे, आणि ते प्रायमरमध्ये काय आहे हे जाणणाऱ्या माणसाने द्यावे. ठरावीक साच्यातला दिलगिरीचा मजकूर कृपया पाठवू नये.

बिलाची प्रत आणि झग्याच्या किनारीचे जवळून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. फिगर तपासायला हवी असल्यास ती नेण्याची व्यवस्था आपल्या खर्चाने करावी.

आपला,
एक ग्राहक