सुनियोच्या टेकडीवर भेटलेल्यांचे आभार

ग्रीसमधल्या सुनियोच्या भूशिरावरचं पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचं मंदिर आईला दाखवता आलं ते तुमच्यामुळे, म्हणून हे जाहीर आभार.

अथेन्सहून येणाऱ्या बसचे चालकदादा, आईचे गुडघे दुखतात हे पाहून तुम्ही तिला सावकाश उतरू दिलंत. चढावर तिचा हात धरणाऱ्या मुलींनो, तुम्हांला मराठी येत नव्हतं, तरी ती सगळा वेळ तुमच्याशी मराठीतच बोलत होती!

आणि आजोबा, तुमचे आभार कसे मानू? इसवीसनपूर्व ४४०च्या सुमाराचं हे मंदिर आम्ही नुसतं बघून परतलो असतो. डोरिक या प्राचीन ग्रीक शैलीच्या खांबांवर सहसा २० उभ्या पन्हळी असतात, इथे १६च आहेत, हे तुम्ही खांबासमोर उभं राहून समजावलंत. दगड जवळच्याच आग्रिलेझाच्या खाणीतला. त्यात लोह फारसं नाही, म्हणून अथेन्समधल्या पार्थेनॉन मंदिराचा संगमरवर पिवळसर झाला, तसा तो न होता पांढराशुभ्र राहिला. परतणाऱ्या खलाशांना तो किती दुरून दिसत असेल!

आई आता भेटेल त्याला हे सांगते. तुम्हां सगळ्यांना तिने भरभरून आशीर्वाद दिलेत.