‘थांब’ म्हणणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

तुमचे आभार तोंडावर मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, नाहीतर सरळ टार्गेट बदलायला पुढे निघून जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. नेमबाजाचे गुण निकालपत्रकावर येतात. त्याच्या मागे उभं राहून त्याचे हात, खांदे आणि नळीचं तोंड यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाचं नाव कुठेच येत नाही. ही उणीव मला फार वाटते, आणि निदान तुमच्यापुरती तरी ती मला भरून काढायची आहे.

पॉइंट फिफ्टीच्या, म्हणजे अर्ध्या इंच जाडीच्या गोळीच्या, डेझर्ट ईगल पिस्तुलाची चाचणी घ्यायची आहे असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं नाही. “झेपेल का?” असंही विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, “तुला त्यातून नक्की काय शोधायचंय?” माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं, आणि तुम्ही ते घाईने मागितलंही नाही. कागद दिलात आणि म्हणालात, लिहून आण. मी तीन गोष्टी लिहून आणल्या: पिस्तूल न अडखळता चालतं का, एकाच जागी आधार देऊन मारलेल्या गोळ्या किती जवळजवळ बसतात, आणि पहिल्या गोळीनंतर दुसऱ्या गोळीसाठी नेम परत यायला किती वेळ लागतो. त्या कागदावर तुम्ही एकच ओळ वाढवलीत: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काडतूस बदललं तर पकड तीच, पकड बदलली तर काडतूस तेच.

त्याच दिवशी तुम्ही १९११ च्या मार्चमधली ती प्रसिद्ध चाचणी सांगितलीत. अमेरिकी लष्करापुढे कोल्ट आणि सॅव्हेज अशी दोन पिस्तुलं होती. प्रत्येकातून ६००० गोळ्या झाडायच्या होत्या. ठरावीक गोळ्यांनंतर पिस्तूल थंड होऊ द्यायचं, ठरावीक टप्प्यावर साफ करून तेल द्यायचं आणि पुन्हा सुरू. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराच्या आराखड्यावर बनलेलं कोल्ट एकदाही अडकलं नाही. सॅव्हेज ३७ वेळा अडकलं. २९ मार्च १९११ ला कोल्ट लष्करात दाखल झालं. मी ही गोष्ट आधी वाचली होती, पण ब्राउनिंगच्या प्रतिभेची गोष्ट म्हणून. तुम्ही ती नोंदवहीची गोष्ट म्हणून सांगितलीत. प्रत्येक अडखळणं कोणीतरी लिहून ठेवलं म्हणूनच ३७ हा आकडा आज आपल्याला माहीत आहे.

मोठ्या कॅलिबरबद्दल, म्हणजे जाड गोळीच्या पिस्तुलांबद्दल, ऐकीव गोष्टी फार. हात निखळतो, मनगट जातं, असलं बरंच काही कानावर येतं. तुम्ही त्यावर वाद न घालता फळ्यावर आकडे मांडलेत. ९ मिलिमीटरची साधारण ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने जाते. पॉइंट फोर फाइव्हची १५ ग्रॅमची गोळी सुमारे २५५ मीटर वेगाने. दोघींची ऊर्जा जवळपास सारखीच, ५०० ज्यूलच्या आसपास. तरीही पॉइंट फोर फाइव्ह हाताला जास्त ढकलते, कारण हाताला जाणवतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. पॉइंट फिफ्टीची गोळी साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला ४५० मीटरच्या घरात आणि ऊर्जा २००० ज्यूलच्या जवळ. ऊर्जा चौपट, पण संवेग ९ मिलिमीटरच्या तिप्पटच. वर त्या पिस्तुलाचं रिकाम्या अवस्थेतलं वजनच दोन किलोच्या आसपास आहे, आणि ते वजन धक्का पचवतं. ते गणित पाहिल्यावर माझ्या मनातली भीती गेली आणि सावधपणा तेवढा राहिला.

मग तुम्ही पिस्तूल खोलून दाखवलंत. ब्राउनिंगच्या पद्धतीत नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, एकमेकांत अडकून थोडं मागे येतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड सुटून मागे जाते. डेझर्ट ईगलमध्ये नळी जागची हलत नाही. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, अगदी पुढे नळीला एक बारीक छिद्र आहे. तिथून थोडा वायू नळीखालच्या वाटेने पुढे तोंडापर्यंत जातो आणि तिथे पिस्टनला मागे ढकलतो. पुढे बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा भाग, फिरून सुटतो, अगदी रायफलसारखा. ते छिद्र तुम्ही मला टॉर्चच्या उजेडात दाखवलंत. उघड्या शिशाची गोळी यात का चालत नाही, हे मला त्या क्षणी कळलं: शिसं खरवडून त्या छिद्रात बसलं की वायूची वाट बंद. म्हणून तांब्याचं आवरण असलेलीच गोळी वापरायची. मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, हीसुद्धा पिस्तुलाच्या मुठीत थोडी सैल बसते, ती खालून तळव्याने वर रेटायची नाही, नाहीतर काडतूस चेंबरकडे वाकडं जातं. कोणी मला नुसतं “असं धरू नकोस” म्हटलं असतं तर मी दोन दिवसांत विसरले असते. कारण कळलं म्हणून ते हातात राहिलं.

कानांच्या बाबतीत तुमचा कडकपणा लोकांना जाच वाटतो. मला तो माया वाटतो. १४० डेसिबलच्या पुढचा एकच स्फोटक आवाज कान कायमचा दुखावू शकतो, आणि पिस्तुलाचा बार १६० च्या आसपास जातो. तुम्ही आधी कानात बोळे घालायला लावलेत, वरून मफ. आणि हेही सांगितलंत की दोन्हींची बेरीज होत नाही, दुसऱ्या थरामुळे साधारण पाचच डेसिबल जास्त अडतात. एवढ्याशा फरकासाठी तुम्ही एकदा एका पाहुण्याला लाइनवरून मागे पाठवलेलं मी पाहिलंय. बरोबर केलंत.

पहिल्या दिवशी तुम्ही मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरू दिलंत. जड धक्क्यात नळी वर उसळते, हात आपोआप आवळला जातो आणि बोट न कळत पुन्हा ट्रिगर ओढतं. ती दुसरी गोळी कुठे जाईल याचा नेम नसतो. एकच काडतूस असलं की तो प्रश्नच उरत नाही. पुढे तुम्ही खऱ्या काडतुसांत मला न सांगता नकली काडतूस मिसळायला लागलात. बार होत नाही, पिस्तूल गप्प राहतं आणि नळी झुकली की स्थिर राहिली हे स्वतःच्या डोळ्यांना दिसतं. शंभर सूचनांपेक्षा ते एक दृश्य भारी. गोळी नळीतून एक हजारांश सेकंदाच्या आत निघून जाते, पिस्तूल खऱ्या अर्थाने वर उसळतं ते त्यानंतर. तेव्हा उसळी दाबत बसू नकोस, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, पाहत राहा, हे तुमचं वाक्य मी आता नवख्यांना सांगते. तुमचं म्हणून सांगते.

आता त्या दुपारचं.

काडतुसांचा नवा लॉट, म्हणजे नवी खेप, होती. सुरुवातीच्या गोळ्या व्यवस्थित गेल्या. पुंगळ्या उजवीकडे मागे पडत होत्या, टार्गेटवरची भोकं एकमेकांत मिसळायला लागली होती. मी पुन्हा ट्रिगर ओढला आणि हाताला काहीच लागलं नाही. बोळे आणि मफ यांच्या आड फक्त बारीकसं ‘फट्’ झालं असावं. मला तर तेही नीट ऐकू आलं नाही. स्लाइड जागची हलली नाही. काडतूस पेटलं नाही की काय करायचं ते सगळ्यांना पाठ असतं: मॅगझीनला खालून थाप, स्लाइड मागे, पुन्हा नेम, पुन्हा ट्रिगर. माझा डावा हात स्लाइडकडे निघालाही होता.

तेवढ्यात तुमचा आवाज आला. “थांब.” ओरडून नाही, पण असा की हात हवेतच राहिला. लगेच पुढे, “नळी समोर. बोट बाहेर. हलू नकोस.” तुम्ही मनात तीस सेकंद मोजलीत, कारण उशिरा पेटणारं काडतूस असेल तर ते त्या वेळात उडतं. मग मॅगझीन काढायला लावलंत, स्लाइड सावकाश मागे घ्यायला लावलीत. रिकामी पुंगळी बाहेर पडली. मी पाहत होते, आणि मला सगळं ठीक वाटत होतं. तुम्ही ती पुंगळी उचललीत. तळाच्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, पिनची खूण होती, म्हणजे प्रायमर उडाला होता. आत दारू जळल्याची काजळी जवळजवळ नव्हती. आणि गोळी पुंगळीत नव्हती. टार्गेटवर नवं भोक नव्हतं. तुम्ही कुलूप दाबून नळी उतरवलीत, मागच्या बाजूने टॉर्च धरलात आणि मला बघायला सांगितलंत. दुसऱ्या टोकाचा उजेड दिसलाच नाही. नळीत बोटभर पुढे सरकून गोळी गच्च बसली होती.

काडतुसात दारूच भरलेली नव्हती. एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी पुंगळीतून सुटली आणि नळीत अडकली. मी सवयीने पुढचं काडतूस चढवून ट्रिगर ओढला असता तर मागून येणारी गोळी त्या अडकलेल्या गोळीवर आदळली असती आणि चढलेल्या दाबाला नळीतून वाट मिळाली नसती. नळी फुगते, कधी फाटते. तुकडे हातात, डोळ्यांत, शेजारच्या लेनवर. पेटलं नाही म्हणून जी कृती करायची, नेमकी तीच कृती इथे घातक, आणि दोन्ही प्रसंग नेमबाजाला जवळपास सारखेच वाटतात. फरक एवढाच: बारीकसा आवाज आणि न आलेला धक्का. तो फरक तुम्ही मागे उभं राहून टिपलात. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणालात, “तुझे खांदे हलले नाहीत.” तुम्ही कानावर विसंबला नव्हता, तुम्ही माझ्या खांद्यांकडे बघत होता! हे वाक्य आठवलं की आजही मला गहिवरून येतं.

दुसरं कोणी असतं तर नळी साफ करून घेतली असती आणि दिवस संपला म्हटलं असतं. तुम्ही सगळ्या रेंजवर तो लॉट बंद केलात. अडकलेली गोळी कारागिराने पितळी सळईने हळूहळू ठोकून काढली, नळी कुठे फुगली नाही ना हे मापून पाहिलं, तोवर तुम्ही तराजू मांडून बसलात. या काडतुसात सुमारे दोन ग्रॅम दारू असते. पुंगळी आणि गोळी यांच्या वजनात थोडाफार फरक पडतो, पण तो इतका नसतो. म्हणजे रिकामं काडतूस वजनात उघडं पडायला हवं. तुम्ही एकेक काडतूस ठेवत होता, मी आकडे लिहीत होते. बऱ्याच वेळाने एक काडतूस काट्यावर हलकं भरलं. तुम्ही ते पुन्हा ठेवलंत, पुन्हा तेच वजन. लाल शाईने खूण करून ते वेगळ्या डबीत गेलं. ते दुसरं काडतूस कोणाच्या हातात पडलं असतं, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

तुम्ही उत्पादकाला पत्र पाठवलंत, त्यात लॉटचा क्रमांक, दोन्ही काडतुसांची वजनं आणि पुंगळीचं वर्णन होतं. विशेषणं एकही नव्हती. ते पत्र मी वाचलंय, आणि तक्रार कशी लिहावी हे मी त्यातून शिकले. तुमच्या नोंदवहीत त्या दुपारी माझ्या नावापुढे लिहिलंत: “सूचना मिळताच थांबली.” त्या तीन शब्दांचा मला कुठल्याही पदकापेक्षा जास्त अभिमान आहे.

चाचणी पुढे नव्या लॉटवर पूर्ण झाली. ठरल्याप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट बदलली. पिस्तूल माझ्या अपेक्षेपेक्षा शांत निघालं. आधारावरून बसलेला गोळ्यांचा पुंजका मुठीत मावेल एवढा, अडखळणं नाही, आणि दुसरा नेम परत यायला पॉइंट फोर फाइव्हपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ. माझं मत असं झालंय की हे पिस्तूल शिकण्यासाठी नाही, शिकून झाल्यावर स्वतःला तपासण्यासाठी आहे. नवख्या माणसाने याच्यापासून सुरुवात करू नये, कितीही मोह झाला तरी. तुमचं मत वेगळं असेल तर मला ऐकायचंय.

सर, माझी बोटं, माझे डोळे आणि त्या दिवशी शेजारच्या लेनवर उभा असलेला तो तरुण, या सगळ्यांच्या वतीने मनापासून आभार. माझ्या आईलाही तुम्हाला भेटायचंय. तिला मी सगळं सांगितलंय, आणि ती तुमच्यासारखी विषय बदलू देणारी नाही. चाचणीच्या टिपणांची स्वच्छ प्रत सोबत जोडली आहे. दुसऱ्या पानावरचे वेळेचे आकडे तेवढे तुमच्या नोंदवहीशी ताडून बघाल का? तिसऱ्या ओळीत मला शंका आहे.

तुमची विद्यार्थिनी