छोट्या मोटारीच्या रंगालाही वेळ द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटीत पुण्यात भरणाऱ्या छंदशिबिरांमध्ये अलीकडे किटचे सुटे भाग जुळवून मोटारीची प्रतिकृती तयार करण्याचा वर्गही कुठे कुठे दिसू लागला आहे. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र गेल्या मे महिन्यात अशाच एका शिबिरातून माझ्या नातवाने जी गाडी घरी आणली, ती पाहून आयोजकांसाठी चार शब्द लिहावेसे वाटले. एका दुपारी भाग कापायचे, चिकटवायचे आणि लगेच ब्रशने रंग देऊन गाडी घरी न्यायची, असा तिथला बेत होता. बॉनेटवर ब्रशच्या रेघा उमटल्या होत्या, दाराभोवतीच्या खाचा रंगाने बुजल्या होत्या आणि पुढच्या काचेवर सुपरग्लूच्या वाफेची पांढरट झाक धरली होती. मुलांचा यात काहीच दोष नाही, कारण त्यांना वेळच दिलेला नव्हता.

पिंपरी-चिंचवडमधील एका वाहन कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये माझी नोकरी झाली, त्यामुळे माझी नजर आधी रंगावर जाते हे कबूल. परंतु या छंदातला खरा अभ्यास रंगातच आहे, असे माझे मत आहे. मोटारींच्या किटमध्ये १/२४ हे प्रमाण सर्वाधिक रुळलेले आहे आणि जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीच्या बहुतेक मोटारी याच प्रमाणात असतात. सव्वाचार मीटरहून थोडी लांब असलेली आपली अँबेसेडर या प्रमाणात १८ सेंटिमीटरची होईल. खऱ्या गाडीच्या दाराभोवती ५ मिलिमीटरची फट असेल, तर प्रतिकृतीत ती जेमतेम ०.२ मिलिमीटर उरते. रंगाची जाडी मात्र आपोआप २४ पटींनी कमी होत नाही. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीवर अस्तरापासून क्लिअर कोटपर्यंतचे (सर्वांत वरच्या पारदर्शक थरापर्यंतचे) सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर भरतात. तेवढाच थर छोट्या गाडीवर बसला, तर तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा लेप चढवल्यासारखा होतो. खाचा बुजतात त्या यामुळे. म्हणूनच जाणकार मंडळी रंगाआधी त्या खाचा पात्याच्या पाठीने हलकेच खोल करून घेतात, आणि रंगाचा एकच जाड हात न देता स्प्रेने अगदी पातळ हात, मधल्या प्रत्येक हाताला सुकायला अवधी ठेवून देतात. (मेटॅलिक रंगातली चमकी तर या आकाराला हटकून भरड दिसते, नवख्याने साधा रंगच निवडावा.)

त्याआधीची तयारीही घाईची नाही. साच्यातून सुटताना भागांवर तेलकट अंश राहतो, तो साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा लागतो, जोडाच्या रेघा लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपरने घासाव्या लागतात, मग प्रायमर. लाल प्लॅस्टिकवर नीट अस्तर न देता पांढरा रंग दिला, तर तो गुलाबी पडतो. नाना पेठेत गाड्यांचे ओरखडे झाकण्यासाठी मिळणारे स्प्रे कॅन स्वस्त पडतात खरे, परंतु त्यांतला तीव्र थिनर उघड्या प्लॅस्टिकवर बसला की पृष्ठभागावर बारीक जाळी पडू शकते. इनॅमल म्हणजे तैलरंगावर लॅकर (तीव्र थिनरमधला, झटपट सुकणारा रंग) मारल्यास खालचा थर सुरकुततो, हेही मुलांना हात घालण्यापूर्वीच सांगायला हवे.

दुसरा मुद्दा हवेचा. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडची हवा इतकी तापलेली आणि कोरडी असते की स्प्रेचे थेंब गाडीवर पोहोचण्याआधीच सुकू लागतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात याउलट दमटपणामुळे लॅकरवर दुधी झाक येते. त्या मानाने डिसेंबरची कोरडी, सौम्य हवा सर्वांत सोयीची. असे वर्ग मेऐवजी नाताळच्या सुटीत ठेवता येतील का, याचा आयोजकांनी जरूर विचार करावा.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. थिनरच्या वाफा बंद खोलीत साठतात आणि त्या पेट घेणाऱ्या असतात. फ्लॅटच्या हॉलमध्ये, देवघरात समई तेवत असताना स्प्रे करणे धोक्याचे आहे. धुळीसाठी वापरायचा साधा मास्क या वाफा अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाचे फिल्टर असलेला मास्क लागतो. लहान मुलांच्या वर्गात पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगच वापरावेत आणि स्प्रेचे काम एक्झॉस्ट पंखा असलेल्या जागेतच व्हावे. अनेक शाळांची कार्यशाळा सुटीत कुलूपबंद असते, ती अशा वर्गांना चार-पाच दिवस भाड्याने देण्यास संस्थाचालकांची हरकत नसावी.

यामुळे शिबिराची फी वाढेल, हे उघड आहे. माझ्या मते एका शिबिरात तीन गाड्या उरकण्यापेक्षा एकच गाडी आठवडाभरात पुरी करणे परवडते. निदान पुढच्या जाहिरातीत रंगकामासाठी किती दिवस राखले आहेत, कोणते रंग वापरणार आणि काम कोणत्या जागेत होणार, एवढे आयोजकांनी छापावे, म्हणजे पालकांना पैसे भरण्यापूर्वी ठरवता येईल.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे