सामनेवाले क्र. 3

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर नाही. म्हणून शेवटी कागद-पेन काढलं. माझं अक्षर लागत नसेल तर वहिनींकडून वाचून घे, त्यांना पूर्वीपासून लागतं.

आपल्या अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात कोर्टाची नोटीस आली आणि तिच्यावर ‘सामनेवाले क्र. 3’ म्हणून स्वतःचं नाव वाचलंस, तेव्हा तुझं काय झालं असेल ते मी समजू शकतो. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि नंद्याने कोर्टात खेचलं. मी आधी फोन करायला हवा होता. आज करतो, उद्या करतो करत राहिलो आणि पोस्टमन माझ्या आधी पोचला.

तर ऐक. 1 नंबरला ट्रकचा मालक, 2 नंबरला त्याची विमा कंपनी, 3 नंबरला गाडी चालवणारा तू आणि 4 नंबरला तुझी विमा कंपनी. वकीलबाई म्हणाल्या, मागे बसलेल्या माणसाच्या, म्हणजे माझ्या, दृष्टीने हा दोन गाड्यांचा संयुक्त निष्काळजीपणा. सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये खेन्येई खटल्यात सांगून ठेवलंय की अशा वेळी जखमी माणूस दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, आणि दोघंही समोर असले तर कुणाचे किती टक्के ते त्याच निकालात ठरवता येतं. म्हणून तुझं नाव. तुझी पॅकेज पॉलिसी, म्हणजे गाडीत बसलेल्यांनाही धरणारा विमा, चालू होती, लायसन्स होतं. जे बसेल ते कंपनीला बसेल. मी तुला दोष देत नाही. वेळे गाव मागे टाकल्यावर भर रस्त्यात तो ट्रक उभा. मागचे दिवे बंद, इशाऱ्याचा त्रिकोण नाही, एरवी कुणीही टाकतं त्या चार फांद्या नि दोन दगडसुद्धा नाहीत. देवालाही दिसला नसता.

पण हे पत्र त्यासाठी नाही. परवा माझी उलटतपासणी झाली, आणि तिथे मी काय बोललो ते तुला दुसऱ्याकडून कळू नये.

कंपनीचे वकील अगदी सभ्य. चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “पट्टा लावला होता का?” नाही म्हणालो. “चालकाने लावायला सांगितलं होतं?” हो, खेड शिवापूरलाच सांगितलं होतं. “मग?” मग सुध्या, शपथेवर होतो, सगळं सांगितलं. पट्टा ओढला, बकल सापडेना. तुझ्या त्या नव्या कोऱ्या सीट कव्हरखाली गेलेलं. फटीत बोटं घातली तर शेंगदाण्याची टरफलं हाताला लागली. म्हटलं, आनेवाडीच्या टोलला थांबू तेव्हा काढतो. आनेवाडी आलीच नाही. एवढ्या रामायणाचं टंकलेखकाने एका ओळीत केलं: ‘बकल सीट कव्हरखाली होते.’ आता ती ओळ तुझ्याही विरुद्ध वाचता येते. राग आला तर ये, शिव्या दे.

वकिलांचं म्हणणं सरळ होतं. मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा, 2019 च्या दुरुस्तीपासून 1000 रुपये दंड. कायदा मोडला, भरपाई कापा. आमच्या बाईंनी 2020 चा मोहम्मद सिद्दीक निकाल पुढे केला. मोटारसायकलवर तिघे होते, म्हणून हायकोर्टाने 10 टक्के कापले होते. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नुसता नियम मोडला एवढ्याने भागत नाही. त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवा.

आणि इथेच माझी गोची झाली. जबडा नि दोन दात पुढच्या सीटच्या हेडरेस्टवर गेले. पट्टा असता तर वाचले असते, हे डॉक्टरांनीच सांगितलं. घोटा मात्र खालचा पत्रा दुमडून चेपला, तो पट्ट्यानेही वाचला नसता. बाईंनी मला इंग्लंडचा एक खटला सांगितला, 1975 चा फ्रूम विरुद्ध बुचर. तिकडे पट्ट्याची सक्ती 1983 मध्ये आली, म्हणजे तेव्हा ती नव्हतीही. तरी न्यायाधीश लॉर्ड डेनिंगनी माप घालून दिलं: पट्ट्याने इजा पूर्ण टळली असती तर 25 टक्के कापा, कमी झाली असती तर 15, काहीच फरक पडला नसता तर शून्य. त्या फ्रूमचं डोकं नि छाती वाचली असती, पण मोडलेलं बोट नाही. म्हणून सगळं धरून 20. ते माप इथे बंधनकारक नाही, पण माझा घोटा म्हणजे त्याचं बोट! दोन दिवस मी आरशात जबडा बघत टक्के मोजत होतो.

आता जे कुणी विचारलं नाही ते. सायरस मिस्त्री 2022 मध्ये पालघरला गेले, मागे बसले होते, पट्टा नव्हता. तेव्हा तुझ्याच ओट्यावर चहा पीत आपण तासभर हळहळलो होतो. आणि तरी मी तसाच बसलो. गाडी थांबली, मी थांबलो नाही. 83 किलो. वहिनींना पट्टा होता, एअरबॅग उघडली, त्यांना खरचटायलाही नको होतं. त्यांच्या खांद्याला मागून जो दणका बसला तो ट्रकचा नव्हता, माझा होता. त्या सहा महिने वेणी घालू शकल्या नाहीत आणि हॉस्पिटलात मला डबा पाठवत राहिल्या. त्यांनी दावा लावला तर मलाही सामनेवाला करा. नंबर कुठलाही द्या.

पुढची तारीख महिनाअखेरीला आहे. आदल्या रात्री इकडेच उतर, पिठलं-भात करू, भाकरी मला अजून चावत नाही. अर्जदाराच्या घरी सामनेवाल्याने मुक्काम केला तर चालतो का, असं मी बाईंना विचारलं. त्या हसल्या, पण उत्तर दिलं नाही.

तुझा,
नंदू