आईच्या व्हिसाच्या मेडिकलसाठी धावून आलेल्या, आमच्या गावच्या आशा सेविका ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आईचा व्हिसा आल्याचं तुम्हाला फोनवर कळवलंच आहे. पण दोन शब्दांत आभार मानून भागेल असं हे काम नव्हतं, आणि तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळावं असंही वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

आई-बाबांना कायमचं अमेरिकेला न्यायचं, तर मुंबईतली वैद्यकीय तपासणी आलीच. पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, फोटो, लसींचे दाखले ही जुळवाजुळव माझी मी केली. राहिलेल्या लसी तिथे टोचल्या. बाबांचं झटक्यात आटोपलं. घोर होता तो आईच्या 2009 सालच्या टीबीचा.

‘जुनं दुखणं कशाला उकरता? विचारलं तर नाही म्हणा,’ असा सल्ला जवळच्याच माणसांनी दिला होता. आईही तयार झाली होती. ही गोष्ट तिने सुनांनाही कधी कळू दिली नव्हती. तुम्ही तिला समोर बसवून म्हणालात, ‘वहिनी, छातीच्या फोटोत डाग दिसणारच. पुरं औषध घेऊन बऱ्या झालात, त्यात लपवायचं काय?’ तेव्हा कुठे ती मोकळी झाली. खोटं सांगितलं असतं आणि ते उघडकीला आलं असतं, तर व्हिसावरच गदा आली असती.

मग तुम्ही तालुक्याच्या क्षयरोग विभागात जाऊन जुनं रजिस्टर काढायला लावलंत. त्या वेळी डॉट्समध्ये, म्हणजे कुणाच्या तरी देखरेखीखाली टीबीच्या गोळ्या घ्यायच्या सरकारी उपचारात, आईच्या नावाचा औषधांचा लाल खोका आला होता. पहिले 2 महिने आठवड्यातून 3 वेळा तुमच्यासमोर गोळ्या गिळायच्या, पुढचे 4 महिने आठवड्याचा पहिला डोस तुमच्यासमोर आणि बाकीचे घरी. दर डोसची खूण केलेलं ते कार्ड पिवळं पडलं होतं, पण एकही रकाना रिकामा नव्हता. त्यावरून वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सही-शिक्क्याचा दाखला मिळाला. जुनी एक्सरे फिल्म माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली, तीही तुम्हीच आठवण केलीत म्हणून.

एक्सरेत डाग दिसलाच. लागोपाठ 3 दिवस सकाळी बेडका द्यायचा आणि कल्चरच्या (बेडक्यातून टीबीचे जंतू वाढतात का, हे पाहायच्या तपासणीच्या) निकालासाठी 8 आठवडे थांबायचं, असं ठरलं. आई घाबरली, तर तुम्ही फोनवरूनच शिकवलंत: चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग छातीतून खोकून काढा, नुसती थुंकी चालत नाही. पहिल्याच दिवशी तिला नीट जमलं. तिन्ही नमुने निर्दोष निघाले. डॉक्टरांनी जुनी फिल्म नव्या फोटोशेजारी लावून पाहिली; डाग होता तसाच होता.

अशा मेडिकलची मुदत एरवी 6 महिने असते, आईच्या बाबतीत 3 च. त्यामुळे तिकिटं लगेच काढली. तिकडे पोचल्यावर तिथला आरोग्य विभाग तिला पुन्हा तपासणीला बोलावेल, तेव्हा हीच फाईल न्यायची आहे.

ताई, आमच्या घरचं कुणी करणार नाही एवढं तुम्ही केलंत, तेही पोलिओचे डोस आणि बाळंतिणींच्या भेटी सांभाळून. निघण्याआधी आई-बाबा तुमच्याकडे येतीलच. त्या दिवशी जेवायला आमच्याकडेच या, नाही म्हणू नका.

तुमची,
गावाकडची लेक