दाराची फट

भोसरी
रविवार, रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होतो, पण फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. भाऊबीजेला करंज्यांवरून बोलायला सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला तुझ्या त्या जुन्या माझदा गाडीवर येऊन आदळलो. "विकून टाक ते डबडं," असं म्हणालो. डबडं म्हणायला नको होतं. तू फोन ठेवलास त्याला आज बारा दिवस झाले. दादाला तुझे मेसेज येतात, आईला फोटो येतात, माझ्या फोनवर फक्त गॅसवाल्याचे. म्हणून हे पत्र. दादा याचे फोटो काढून तुला पाठवेल. वाचू नकोस म्हणून बजावलंय, वाचेलच तो.

एक आधीच सांगून टाकतो. एअरबॅगचा विषय या पत्रात काढणार नाही.

तिकडे इंग्लंडातल्या वार्षिक तपासणीत गाडी नापास झाल्याचे फोटो तू पाठवले होतेस, ते त्या दिवशी मी नीट बघितलेच नव्हते. परवा दुपारी आई झोपल्यावर टॅबवर मोठे करून पाहिले. डावं सिल, म्हणजे दाराखालचा पोकळ पत्र्याचा पट्टा, मागच्या चाकाच्या बरोब्बर पुढे, तळहाताएवढा भाग. कडेचा रंग फुगलेला आहे, पण वरून ओरखडा नाही. हा गंज बाहेरून लागलेला नाही पोरी, आतून आलाय. या गाडीत कापडी हूडवरचं पाणी सीटच्या मागे दोन नळ्यांमधून खाली उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. तुझ्या घरासमोर ते मोठं झाड आहे. पानांचा चुरा नळीत बसला की पाणी तुंबतं आणि सिलच्या पोटात साचत राहतं. त्यात तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. शिरीमामाच्या जीपची फ्लोअर मालवणच्या नुसत्या खाऱ्या वाऱ्याने गेली होती. तुझी लाल चप्पल त्या भोकातून कट्ट्याच्या रस्त्यावर पडली आणि तू घर येईपर्यंत रडत होतीस.

नळ्या साफ करताना तार घालू नकोस, प्लास्टिक फाटेल. गवत कापायच्या मशिनची जाड नायलॉन दोरी मिळते ना, ती घाल, हळूहळू फिरवत.

पत्रा कापशील तेव्हा चांगला पत्रा लागेपर्यंत काप. गंजाची दया करायची नाही. लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारणारे तिकडेही असतीलच. तसा कोणी भेटला तर चहा पाजून परत पाठव. छप्पर असलेल्या गाडीत सिल कुजलं तर निदान वरचा सांगाडा भार घेतो. तुझ्या गाडीला वर काहीच नाही, सगळा पीळ मधला बोगदा आणि ही दोन सिलंच घेतात. सिल म्हणजे त्या गाडीचा कणा. वेल्डिंग एका दमात ओढायचं नाही, टाके घालत जायचं, एक इथे, एक तिथे, मध्ये गार होऊ द्यायचं. बॅटरी आधी काढ; तुझी डिकीत आहे हे विसरू नकोस. सीट, कार्पेट सगळं बाहेर. शेवटी आतून पातळ मेण मार. आणि गॉगल... बघ, सुरू झालो. तू विमानाच्या इंजिनाच्या कारखान्यात आठ वर्षं काम करतेस आणि मी तुला गॉगल घाल म्हणून सांगतोय. माफ कर. बत्तीस वर्षं पत्रा ठोकलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही.

पण मी तुझ्या गाडीला घाबरतो ते नुसत्या गंजामुळे नाही. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू तेव्हा डबा घेऊन वर्कशॉपात यायचीस आणि मी तुला मुद्दाम रंगाच्या शेडकडूनच आत घ्यायचो. पलीकडच्या शेडमध्ये अपघाताच्या गाड्या यायच्या. आम्ही त्या सरळ करायचो. पत्रा कुठे दुमडलाय ते बघितलं की कोण कुठे बसलं होतं ते आपोआप कळायचं. एका सीटखाली मला एकदा कंपास पेटी सापडली. मी ती कुणाला न दाखवता ऑफिसात नेऊन ठेवली आणि पुढे कधी विचारलं नाही. तुझी गाडी ९४० किलोची, १९९० ची, आणि आता रस्त्यावर जी धुडं फिरतात ती दोन-दोन टनांची. त्यांचं बंपर तुझ्या खांद्याला लागतं. स्टिअरिंगमध्ये काही नाही, नुसतं स्टिअरिंग आहे. म्हणजे मी शब्द पाळलेला नाही हे मला दिसतंय.

आई म्हणते, दोनच सीटची गाडी ठेवलीय म्हणजे पोरीने तिसऱ्याला जागाच ठेवली नाही. ते तिचं तिच्यापाशी. मी त्यात पडत नाही.

या बारा दिवसांत मीही तुझ्या गाडीचं वाचलं. म्हणजे दादाने लावून दिलं, मी वाचलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने ही दाखवली, आणि जपानात ती युनोस रोडस्टर नावाने आली. त्याआधी अशा हलक्या, उघड्या, दोन सीटच्या गाड्या म्हणजे इंग्रजांचं काम. त्यांच्या एमजीबी गाडीचं उत्पादन १९८० मध्ये बंद झालं. त्या गाड्या तेल गाळायच्या, पावसात रुसायच्या, तरी लोक जीव टाकायचे. हिरोशिमाच्या माझदावाल्यांनी तोच जीव ठेवला आणि रुसवा काढून टाकला. पुढे इंजिन, मागे ओढ, पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ सारखं वजन, चारी चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरलेलं. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक सलग चौकट, म्हणजे पाय दाबला की मधे कुठे लवणं नाही, ढिलाई नाही. हे वाचून मी खुर्चीत उठून बसलो. स्वस्त गाडीला कोण एवढं करतं? २०१६ मध्ये दहा लाखावी बनली म्हणे. आणि २०१७ मध्ये त्यांनी जपानात पहिल्या पिढीच्या जुन्या गाड्या स्वतःच नव्यासारख्या करून द्यायची सेवा जाहीर केली, बंद झालेले पार्ट परत काढायला घेतले, टायरसुद्धा त्याच जुन्या मापाचे, १८५/६० आर १४. कंपनीलाच जर तीस वर्षांपूर्वीची गाडी सोडवत नसेल तर माझ्या पोरीला मी काय बोलणार?

त्यांचा तो शब्द तू मला बक्स्टनच्या रस्त्यावर सांगितला होतास, जिन्बा इत्ताई. घोडा आणि स्वार एक. तेव्हा मी हसलो होतो. पण अण्णांना कासऱ्यावरून कळायचं, सर्जाचा कुठला पाय दुखतोय ते. आम्हाला बैल चालताना काही दिसायचं नाही, अण्णा खाली उतरून खूर हातात घ्यायचे आणि काटा निघायचा.

त्या दिवसाबद्दल मी कधी नीट बोललो नाही. आईला चहाच्या दुकानात बसवून तू मला मॅकल्सफील्डच्या रस्त्याने वर नेलंस, त्या मांजर नि सारंगी नावाच्या पबपर्यंत. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मेंढ्या, आणि सगळीकडे कॅमेरे. तू ताशी पन्नास मैलांच्या वर एकदाही गेली नाहीस, मी काट्याकडे बघतच होतो. तरी मला वाटत होतं आपण उडतोय. बूड जमिनीपासून वीतभर, दाराबाहेर हात सोडला तर डांबर लागेल असं. आणि तुझा डावा हात. तो मला अजून दिसतो. गिअर टाकायला तुझं मनगटच तेवढं हलत होतं, खांदा जागचा हलत नव्हता. एकदा खालच्या गिअरमध्ये जाताना तू ॲक्सिलरेटरला हलकेच टोचलंस आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. हे तुला मी शिकवलेलं नाही. माझ्या मनात आलं, हिला हे कुणी शिकवलं, आणि लगेच वाटलं, गाडीनेच.

परत निघताना धुकं उतरलं. तू ते बॉनेटमध्ये लपलेले, वर उठणारे दिवे लावलेस तर उजवा वर आला, डावा मिटलेलाच. एक डोळा उघडा, एक बंद. मी म्हटलं, झालं, आता टोइंगवाला. तू बॉनेट एका हाताने उचललंस (मी टिचकी मारून बघितलं, ॲल्युमिनियम), आत हात घालून मोटरच्या मागची मूठ फिरवत बसलीस, आणि तो दिवा चरचर करत वर आला. हाताला काळं लागलं ते तू जीन्सला पुसलंस. आईने नंतर त्या जीन्सवरून तुला बोलून घेतलं. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, आणि ती भीतीमुळे नव्हे. मी लेकीचा अभिमान वाटून जागा होतो. सकाळी उठून बोललो काय, तर "वायरिंग बदलून घे."

मला कळत नाही असं तुला वाटतं. कळतं मुक्ता, म्हणूनच तर धास्ती आहे. दहा, बारा, चौदा, सतरा, चार पान्यांत तुझी अर्धी गाडी उघडते. जी वस्तू हाताने उघडते, दुखतंय कुठे ते आवाजाने सांगते, आणि बरी केली की लगेच बरी झाल्याचं दाखवते, ती माणसाला सोडवत नाही. नव्या गाडीत दिवा लागतो आणि माणूस कॉम्प्युटर घेऊन येतो. तुझ्या गाडीचे टॅपेट (इंजिनाच्या झडपा उघडणारे) थंडीत सकाळी टकटक करतात आणि तेल वर चढलं की गप्प होतात, हे तू मला कौतुकाने सांगतेस, जशी आई तुझ्या बोबड्या बोलण्याचं सांगायची. असं माणूस ज्या गाडीबद्दल बोलतं ती ते नुसती ठेवत नाही, रोज बाहेर काढतं. पावसात, अंधारात, एकटं. माझी सुई तिथे येऊन अडकते.

माझी येझदी तुला आठवत नसणार, तू जन्मायच्या आधी विकली. रोडकिंग, अडीचशे सीसी, दोन सायलेन्सर. किकचाच दांडा पुढे ओढला की गिअरचा व्हायचा. नवख्याला कळायचंच नाही, तो गिअर शोधत बसायचा. दादा झाला, तू पोटात होतीस, आईचं बरोबर होतं, चौघं त्यावर बसणार कसे. विकली. वाईट वाटलं नाही, खरंच नाही. मग एका संध्याकाळी लूनावरून येत होतो आणि नाशिक फाट्याला मागून तो आवाज आला. तुला सांगतो, हजार येझद्या उभ्या केल्या तरी मी माझी ओळखली असती, चौथ्या गिअरला तिच्या उजव्या सायलेन्सरची जाळी बारीक थरथरायची. ती मला ओलांडून गेली. मी लूना पिळली. लूना ती, काय पळणार! भोसरीच्या चौकापर्यंत गेलो आणि आवाज संपला. घरी येऊन सांगितलं, साखळी निघाली होती म्हणून उशीर झाला. आईला हे आज, या पत्रातून, कळणार आहे, कारण दादा वाचून दाखवणार.

तर विक असं मी पुन्हा म्हणणार नाही. दुरुस्तीचे नऊशे पौंड सांगणाऱ्या त्या गॅरेजवाल्याचं म्हणणंही सोडून दे; गाडीच्या किमतीशी खर्च ताडून बघणाऱ्याला हे काम जमत नसतं. लंडनला मात्र ती नेऊ नकोस. जुन्या गाड्यांवरचा तो प्रदूषणाचा आकार, दिवसाचे साडेबारा पौंड, भरून नीलूकडे हॅरोला जाण्यापेक्षा ट्रेनने जा, नीलूला काही गाडी बघायची नाहीये. २०३० मध्ये तिला चाळीस वर्षं पूर्ण होतील, मग २०३१ च्या एप्रिलपासून तुमच्याकडे ती ऐतिहासिक, कर नाही, तो आकारही नाही, तपासणीचीही सक्ती नाही. (इथे २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणवून घ्यायला पन्नास लागतात. माणसाला अठ्ठावन्नला घरी बसवतात.) सक्ती नसली तरी तपासणी कर. दरवर्षी. माझ्यासाठी.

आणि एक गोष्ट ऐक. रोल बार बसव. एअरबॅग आता मागून बसवता येत नाही, मी सगळं विचारून झालोय, पण सीटच्या मागे नीट चार पायांवर बोल्टने आवळलेला रोल बार येतो. गाडी उलटली तर काच आणि तुझं डोकं यांच्याआधी जमिनीला तो लागेल. हूडला अडत नाही असा बघ. पैसे मी दादाकडे दिलेत, तो पाठवेल. परत करू नकोस. आईला वाटतंय ते वेल्डिंगसाठी आहेत; तसंच वाटू दे.

थंडी सुरू झाली असेल. कानाला गुंडाळत जा, उघड्या गाडीत वारा कानातच शिरतो. डाव्या कानाचं तुझं लहानपणापासून आहेच.

तुझा,
बाबा

ता. क. सिल कापायच्या आधी एक कर. गाडी चाकांवर उभी असताना डावं दार लावून त्याची मागची फट मोज, वर, मध्ये आणि खाली. मग जॅकवर घेऊन परत मोज. मिलिमीटरचाही फरक पडला तर कापू नकोस, आधी दाराच्या चौकटीत आडवा दांडा टाकावा लागेल, नाहीतर वेल्डिंग झाल्यावर दार कधीच बसणार नाही. सहाही आकडे मला कळव. फोन करूनच कळव, लिहिताना तुझे एक आणि सात सारखेच दिसतात.