बाई, ते बटण तुम्ही मुलाच्या हातात दिलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन झालेल्या मुलांना तुम्ही आमच्या वॉर्डात गाणी ऐकवता, त्याचे समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून वॉर्डातल्या आम्ही सगळ्या सिस्टर हे चारचौघांत लिहितोय.

तुमच्या आधी एक मंडळी आली होती. त्यांनी छताला स्पीकर ठोकला, सकाळपासून भजनं नि बालगीतं लावली, फोटो काढले आणि गेली. तीन वर्षांच्या पोराला आणि तेरा वर्षांच्या मुलीला एकच गाणं, आवाज कमी करायची सोय ऑफिसात. रक्तातला ऑक्सिजन घसरला की पल्स ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरतो, पाठमोऱ्या असलो तरी आम्हाला तो कानानं कळतो. त्या गोंगाटात तोच ऐकू येईना! सयाजीरावांनी 1886 साली गवई मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली त्या बडोद्यात हे व्हावं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात ते आधी वॉर्ड ऐकत बसलात. मग छोटा स्पीकर पलंगाच्या पायथ्याशी ठेवलात, उशीपासून दीड मीटर. स्टीलच्या लॉकरवर तो खरखरतो म्हणून खाली घडी घातलेला टॉवेल. उशीशी आवाज 50 ते 55 डेसिबल, म्हणजे साध्या बोलण्यापेक्षा हळू. तबला नाही. संतूर आणि बासरीचं तार सप्तकही नाही, कारण ते मॉनिटरच्या गजरात मिसळतं. रडणाऱ्या मुलापुढे एकदम संथ आलाप लावला तर ते जास्तच बिथरतं. तुम्ही त्याच्या रडण्याच्या लयीजवळून सुरुवात करता आणि हळूहळू मिनिटाला 60-70 ठोक्यांवर आणता. वीसेक मिनिटांनी आवाज हलकेच मिटवता. फटकन बंद केला की नुकतं झोपलेलं पोर दचकतं.

भूल उतरताना लहान मूल कधीकधी आईलाही ओळखत नाही, हातपाय झाडतं. तेव्हा तुम्ही काहीच लावत नाही, फक्त आईला बोलू देता. ड्रेसिंगला मुलाची लाडकी अंगाई कधीच नाही, नाहीतर पुढे घरी ती ऐकली की जखम आठवायची. त्यासाठी वेगळं गाणं, तेही दहा मिनिटं आधीपासून. दुखण्याच्या औषधाची वेळ झाली असेल तर आधी औषध, मग सूर, हे तुम्हीच आम्हाला बजावलंत.

अपेंडिक्स काढलेल्या एका मुलीनं गरबा मागितला. तुम्ही ढोलाविना चाल संथ केलीत, तिला पोटावर उशी धरायला लावलीत आणि प्रत्येक ओळीशेवटी 'म्' लांबवायला सांगितलंत. उशीमुळे टाके कमी दुखतात, आणि 'म्' लांबवायचा तर आधी पोटभर श्वास घ्यावाच लागतो. पोट दुखतं म्हणून मुलं वरवर श्वास घेतात आणि फुप्फुसांचा खालचा भाग आक्रसतो, त्यावर हाच उपाय. फुगा फुगवायला साफ नकार देणारी ती पोर गाताना तेच करत होती.

पण बाई, खरे आभार बटणाचे. प्रत्येक मुलाला तुम्ही विचारता, "लावू का? नको वाटलं की हे दाब," आणि स्पीकरचं बटण त्याच्या हाताशी सरकवता. ऑपरेशन झालेल्या मुलाला दिवसभर कोणी काही विचारत नाही. सुई, नळी, तपासणी, सगळं त्याच्यावर होत असतं. एका पोरानं लावलं की बंद, पुन्हा लावलं की बंद, असंच चालवलं. तुम्ही दर वेळी "बरं" म्हणालात आणि खरंच थांबलात. शेवटी त्यानंच लावलं. शिकागोच्या ल्युरी बालरुग्णालयातल्या, 2015 साली छापलेल्या अभ्यासात 9 ते 14 वर्षांच्या मुलांना अर्धा तास गाणी किंवा गोष्टी ऐकवल्या होत्या. दोन्हींनी दुखणं कमी झालं, आणि काय ऐकायचं हे तिथेही मुलांनीच ठरवलं होतं. ते तुम्ही वाचलंय की नाही ठाऊक नाही. लहान माणसालाही विचारायचं असतं, ही रीत तुमच्यात आधीपासूनच आहे.

आता आम्हीही सलाइन लावण्याआधी विचारतो, "कुठल्या हाताला लावू?" रडणं थांबत नाही, पण हात पुढे येतो.

रात्रपाळीला नव्या सिस्टर आल्यात. एकदा येऊन त्यांना लय उतरवणं दाखवाल का? स्पीकरची ढिली झालेली वायर बदलून ठेवली आहे.

आपल्या,
बाल-शस्त्रक्रिया वॉर्डातल्या सिस्टर, बडोदा